पुसू नये

१

आमचा गणिताचा सेमिनार गुरुवारी दुपारी असतो. ब्राइला शहरातलं आमचं कॉलेज म्हणजे पूर्वीच्या एका धान्यव्यापाऱ्याची कचेरी. वरच्या मजल्यावर जिथे तो गव्हाचे नमुने मांडून ठेवायचा, तिथे आता आमचा फळा आहे. खिडकीतून बंदरातल्या गंजलेल्या क्रेन दिसतात, त्यांच्यापलीकडे डॅन्यूब. तिकडे कुणी बघत नाही. आम्ही शिकवणारे पुढे बसतो, शेवटच्या वर्षाची मुलं मागे. वक्ता बोलतो, आणि ते संपलं की माझी सहकारी लेओंतिना समोरच्या बेकरीतून आणलेले कोव्रिग वाटते. तीळ लावलेली ती गोल कडी सुतळीत ओवलेली असतात, माणशी एक. व्याख्यान कितीही रटाळ असलं तरी कोव्रिग गरम असतात म्हणून मुलं येतात, असं तिचंच म्हणणं.

सेमिनार चालवतात हरालांबी सर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही. त्यांचा एक नियम आहे. फळ्याशी उभं राहून ज्याने 'समजा' म्हटलं, त्याने वेळ संपायच्या आत ते मिटवायचं. अप्रत्यक्ष सिद्धता आमच्यात रोजचीच. जे नाही असं दाखवायचं, ते आहे असं आधी समजायचं. मग एकेक पाऊल टाकत विसंगतीपर्यंत यायचं, आणि विसंगती आली की समजलेलं मागे घ्यायचं. वक्ता तिथवर पोचायच्या आधीच वेळ संपली तर सर स्वतः उठतात, ओल्या स्पंजने ती ओळ पुसतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "गृहीतक मागे." त्याशिवाय कुणी दाराकडे जायचं नाही.

"सर, चुकून राहिलं एखादं, तर काय होईल?" असं एकदा मागून कुणीतरी विचारलं होतं.

"घरून निघताना गॅस बंद करता ना?"

"करतो."

"का करता?"

"सवय म्हणून."

"मग ही पण सवयच समजा," सर म्हणाले आणि क्षणभर थांबून त्यांनी स्वतःच आपली जीभ चावली. "'समजा' नाही. सवयच आहे."

सगळे हसले. विचारणारी माझी मुलगी होती. इलिंका. त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मागच्या रांगेत, हीटरच्या पाइपांजवळ बसायची.

ती मार्चमध्ये गेली. सहा महिन्यांचे विधी झाले, चर्चच्या ओट्यावर उकडलेल्या गव्हाचा कोलिवा वाटून झाला, आणि मी पुन्हा गुरुवारी वर जायला लागले. घरी बसून करायचं काय होतं?

२

ऑक्टोबरात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या गुरुवारी अध्यक्षपद माझ्याकडे आलं.

बोलायचं होतं तेओदोराला. इलिंकाच्याच वर्गातली ही मुलगी, हुशार पण घाबरट. खडू इतका घट्ट धरायची की तो मोडायचा. एका विशिष्ट जातीच्या आकृत्यांची यादी तिने तयार केली होती आणि ती यादी पूर्ण आहे हे तिला दाखवायचं होतं. पद्धत नेहमीचीच. तिने फळ्यावर लिहिलं, 'समजा, या सगळ्यांखेरीज अजून एक आहे.'

विसंगती जवळ आली होती, आणि दिवे गेले. बंदराच्या बाजूची सगळी वीज गेली. नोव्हेंबर तोंडावर आलेला, आभाळ भरलेलं, खोलीत एकदम मातकट अंधार झाला.

"चला, देवालाही पुरे झालं," लेओंतिना म्हणाली. "कोव्रिग अंधारातही खाता येतात."

हसत, धडपडत सगळे जिन्याकडे निघाले. तेओदोराने मला विचारलं, "मॅडम, ते राहिलं ना? पुसायचं का?"

आमचा फळा दोन भागांचा आहे. एक वर सरकवला की दुसरा खाली येतो. मी तिचा भाग वर सरकवला.

"राहू दे. पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू कर."

३

पुढच्या गुरुवारी तेओदोरा आजारी पडली आणि व्याख्यान दुसऱ्याच कुणाचं झालं. फळ्याचा खालचा भाग वापरला. तिचा भाग वरच राहिला.

त्या दिवशी कोव्रिग कमी पडला. एकच.

"बेकरीवाला डोळे मिटून ओवतो," लेओंतिना म्हणाली. तिने स्वतःचा अर्धा मोडून मला दिला. माझ्या हातात काही नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने खोलीत येऊन डोकी मोजली, खाली गेली, तेवढेच घेऊन आली. पुन्हा एक कमी पडला. या वेळी तेओदोराच्या हातात काही नव्हतं.

"कुणी दोन घेतले? खरं सांगा, मी रागावणार नाही. फक्त नापास करीन."

मुलांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या हातात एकच होता.

मोजण्यात चूक होते, विशेषतः मोजणाऱ्याची. नदी उतरून आलेली माणसं स्वतःला सोडून इतरांना मोजतात आणि बुडालेल्यासाठी रडत बसतात, ती गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते. पण त्या गोष्टीत मोजताना एक कमी भरतो. आमच्याकडे मोजताना सगळं बरोबर येत होतं, वाटताना एक जास्त निघत होता. मी ओळीने बघत गेले. हा अमुक, ही तमुक. प्रत्येक चेहऱ्याला नाव होतं. नाव नसलेला चेहरा एकही नव्हता. तरीही शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन नजर परत आली की वाटायचं, आपण कुणाला तरी ओळखल्यासारखं करून पुढे गेलो.

दुसरी गोष्ट आवाजाची. व्याख्यान संपल्यावर खुर्च्या सरकतात, त्या एकदम सरकतात आणि एकदम थांबतात. आता सगळ्यांच्या थांबल्यावर एक सरकायची, सावकाश. दुसऱ्यांचं बघून शिकल्यासारखी.

मला भीती वाटायला हवी होती. माझ्या मनात आलं ते वेगळंच.

४

हरालांबी सर आले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. ते दारातच थांबले. त्यांनी खोलीवर नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी उघडं ठेवलं?"

सर सरळ फळ्याशी गेले आणि वरचा भाग खाली ओढला. 'अजून एक आहे' हे तेओदोराचे ठसठशीत शब्द सगळ्यांसमोर आले.

"ये पोरी. पुरं कर."

"सर, आज माझी तयारी..."

"तयारी नकोय. शेवट हवाय."

तिने खडू घेतला. गणित पक्कं होतं. काही ओळींत विसंगती आली. सरांनी स्पंज तिच्या हातात दिला. तिने पुसलं, आणि सरांबरोबर म्हणाली, "गृहीतक मागे."

मागच्या रांगेत काही झालं नाही. फक्त खोली हलकी झाली, दारामागचा जड ओव्हरकोट कुणीतरी काढून नेल्यासारखी. त्या दिवशी कोव्रिग पुरले.

जिना उतरताना सरांनी माझा दंड धरला. आधारासाठी असं मला वाटलं.

"स्मरांदाबाई, तुमच्या मनात आलंय ते मनातच ठेवा."

"काय आलंय माझ्या मनात, सर?"

"मी म्हातारा आहे, मूर्ख नाही." ते दोन पायऱ्या उतरले. "'समजा' म्हणून आणलेलं माणूस तेवढंच असतं, बाई, जेवढं आपण लिहितो. त्याच्या पलीकडे काय असतं, ते मला विचारू नका."

"तुम्ही कधी..."

"विचारू नका म्हटलं ना."

५

सरांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी होतं. त्या गुरुवारी मी व्याख्यान मागून घेतलं. विषय दिला: एकमेवतेविषयी. एखादी गोष्ट जगात एकच आहे हे सांगायला तिच्याबद्दल किमान किती सांगावं लागतं.

कंटाळवाणं बोलायचं मी ठरवलंच होतं. वेळ संपेल तेव्हा मला मध्येच असायला हवं होतं. बरंच काही बोलून झाल्यावर मी खालच्या फळ्यावर लिहिलं:

'समजा, "इ" आहे.'

आणि खाली अटी. 'इ' सर्वांत मागच्या रांगेत बसते. 'इ' डाव्या हाताने लिहिते. 'इ' ही 'स'ला आई म्हणते.

मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. एकाने विचारलं, "मॅडम, हे उदाहरण म्हणून ना?"

"उदाहरण म्हणूनच."

तेओदोराने लिहायचं थांबवलं. लेओंतिना सुतळी सोडवत होती, तिचे हात तसेच राहिले. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी बोलत राहिले, घड्याळ पुढे गेलं, आणि मी म्हणाले, "वेळ संपली. राहिलेलं पुढच्या खेपेला."

सगळे गेल्यावर लेओंतिना माझ्याजवळ आली.

"स्मरांदा, मागे घे ते."

"घेईन."

"आत्ता घे. माझ्यासमोर."

"तू काय हरालांबी सर झालीस?"

"मी तिला खेळवलंय गं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मला काय ती नको आहे? पण हे असं नको. पुढच्या गुरुवारी संत अँड्र्यूचा दिवस आहे. त्या रात्री मेलेले फिरतात म्हणून लोक खिडक्यांना लसूण चोळतील, आणि तू इथे दार उघडं ठेवून बसणार?"

"तू शिकलेली बाई आहेस, लेओंतिना."

"शिकलेली आहे. लसूण पण चोळते."

ती गेली. मी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट काढून त्यात लिहिलं: 'पुसू नये'. आमच्या कॉलेजात ही चौकट कुणी मोडत नाही. सफाईवाल्या बायकासुद्धा भोवतीने फडकं मारतात. मग मी पुढच्या रांगेत, फळ्याकडे तोंड करून बसले. हीटरचे पाइप टकटक करत होते. बराच वेळ तेवढंच होतं.

मग मागे कागदावर पेन चालायला लागलं. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं पेन ढकललं जातं, ओढलं जात नाही. तो आवाज मी पंधरा वर्षं दुसऱ्या खोलीतून ऐकला होता.

"इलिंका?"

"आई."

तिचाच आवाज. मी तोंडावर हात दाबला.

६

संत अँड्र्यूची सुट्टी आली, तिला जोडून राष्ट्रीय दिन आला. कॉलेज रिकामं होतं. खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी रोज दुपारी जायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला निघायचे.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ती एवढंच म्हणते. "जेवलीस का गं?" "आई." "थंडी वाजते का?" "आई." दर वेळी तोच सूर, तेवढाच लांब. प्रश्न विचारला नाही तरी मधूनच, पेन थांबवून, "आई." मी फळ्याकडे पाहिलं. तीन अटी होत्या. तिन्ही ती पाळत होती. चौथी मी दिलीच नव्हती.

मी उठून लिहिलं: 'इ' हसते.

खडू खाली ठेवायच्या आत मागे हसू सुरू झालं. इलिंकाचंच, घशातून खळखळणारं. ते थांबेना. श्वास घ्यायला सुद्धा थांबेना. मी कान झाकले, मग धावत फळ्याशी जाऊन पुढे जोडलं: 'गंमत वाटली तर.' हसणं मध्येच तुटलं. त्यानंतर ते पुन्हा ऐकू आलं नाही. तिला गंमत कशाची वाटावी, हे मी लिहायला विसरले होते, आणि लिहायला बसले तर मला एकही खात्रीची गोष्ट आठवेना.

मी मागे वळून पाहत नव्हते. एकदा बंदरावरचे दिवे लागले आणि खिडकीच्या काचेत खोली उमटली. मागच्या रांगेत केस दिसले, खांदा दिसला, कागदावर वाकडा धरलेला डावा हात दिसला. त्याच्या वर चेहरा होता. होता असं म्हणते, कारण चेहऱ्याची जागा रिकामी नव्हती. पण बघितला की लगेच विसरत होता. पुन्हा बघितला, पुन्हा विसरला. त्याच्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. मी खडू घेतला. तीळ कुठल्या गालावर होता? तिला आरशासमोर बसवून वेणी घालताना मी तो रोज पाहिला होता. आरशात डावं की खरं डावं?

मी ते लिहिलं नाही. चुकीच्या गालावर लिहिलं असतं तर?

एक गोष्ट आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. अटी वाढवत गेलं की वस्तू जवळ येते, हे खरं. पण एक अट जास्त झाली की त्या सगळ्या अटी पाळणारं जगात काहीच उरत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी मी रोज एकेक लिहीत होते. 'इ'ला मनुका घातलेला केक नको, आलुबुखार भरलेले बटाट्याचे गोळे हवेत. 'इ' रागावली की दार न आपटता मिटते. 'इ' ही 'स'शी कधीही खोटं बोलत नाही.

हे शेवटचं लिहिताना बरं वाटलं. ती तशीच होती. लहानपणी फुलदाणी फोडली तर तुकडे घेऊन स्वतः यायची.

त्या दिवशी ती पहिल्यांदा अर्धवट काहीतरी बोलली. "आई, मी..." आणि थांबली. पुढचे शब्द तिला दिलेले नव्हते. आठवण नसलेल्या माणसाला बोलायला काय असणार? तिला एखादी तरी आठवण द्यायला हवी होती. मला सगळ्यांत नीट, शब्दन् शब्द आठवत होतं ते एकच बोलणं. मार्चमध्ये मी पेपर तपासायला लांब याश शहरात गेले होते. तिला ताप होता. मी फोन केला.

मी लिहिलं: 'इ'ला तो फोन आठवतो. ती म्हणाली, "मी ठीक आहे, आई. तू कामं संपवून ये."

७

मागे पेन थांबलं.

मग "आई" अशी हाक आली. ती तिच्या खुर्चीतून नव्हती. खिडकीजवळून होती.

"आई." आता दाराजवळून.

एक खुर्ची सरकली. दुसरी सरकली. कुणीतरी हसलं, कुणीतरी हुंदका दिला, आणि दोन्ही आवाज तिचेच होते. "मी ठीक आहे," असं माझ्या अगदी मागच्या रांगेतून आलं, आणि त्याच वेळी, तितक्याच स्पष्टपणे, "मी ठीक नाही." जिन्यावर अनवाणी पावलं वर येत होती आणि खालीही जात होती. मी फळ्याला पाठ लावून डोळे मिटून घेतले. काय झालं होतं ते मला कळत होतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांनाच कळतं: विसंगती उघडी राहिली की तिच्यातून काहीही निघतं. काहीही.

"बाई."

हा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून आला. हरालांबी सर दारात उभे होते. दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. मागे जिन्याच्या कठड्याला धरून लेओंतिना होती. तिनेच त्यांना घरातून उठवून आणलं असणार. ती उंबरठ्याच्या आत आली नाही.

सर भिंत चाचपत फळ्यापर्यंत आले. "वाचून दाखवा. मला दिसत नाही."

मी वाचलं. माझा आवाज इतर आवाजांत बुडत होता. ते मान तिरकी करून ऐकत होते, परीक्षेत ऐकायचे तसे.

"ती कधी खोटं बोलत नाही. आणि ती म्हणाली, मी ठीक आहे," सर म्हणाले. "म्हणजे ती ठीक होती. मग मार्चमध्ये आपण सगळे मातीला कुणाच्या गेलो होतो, बाई?"

मी फळ्यावरच्या त्या दोन ओळींकडे पाहिलं.

"विसंगती आली. तुम्हाला नको होती, पण आली. आता मागे घ्यायचं."

"सर, ती मला आई म्हणते."

"ते तुम्ही लिहिलंय म्हणून."

"असू दे. मला तेवढं पुरतं. मला सगळं नकोच आहे, सर. हाक पुरते. तुम्ही एकदा पुरून आला नाहीत ना कुणाला? मी पुरून आलेय. दुसऱ्यांदा माझ्याच हाताने..."

"मीही आलोय," सर हळूच म्हणाले. त्यांनी स्पंज पाण्याच्या डब्यात बुडवला, पिळला आणि माझ्या तळव्यात ठेवून माझी बोटं त्याच्यावर मिटवली. "मी बाहेर उभा राहतो. हे ज्याचं त्याने करायचं असतं. पहिली ओळ पुसायची. मोठ्याने म्हणायची गरज नाही. पण पुसायची."

काठी टेकत ते बाहेर गेले आणि दार लोटलं.

मी पहिली ओळ पाहिली. 'समजा, "इ" आहे.' स्पंजातलं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. मागे सगळीकडून ती हाका मारत होती. मी हात वर नेला.

विसंगती आली की समजलेलं काहीतरी मागे घ्यावं लागतं, हे खरं आहे. पण कुठलं, ते विसंगती सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं. फळ्यावर बऱ्याच ओळी होत्या. त्यांतल्या विसंगतीत गुंतलेल्यांपैकी कुठलीही एक गेली तरी बाकीच्या नांदू शकल्या असत्या.

मी हात खाली आणला आणि पुसलं: 'इ' ही 'स'शी कधीही खोटं बोलत नाही.

लगेच शांत झालं. जिना, खिडकी, दार, सगळं. खुर्च्या थांबल्या. हीटरचे पाइप पुन्हा ऐकू यायला लागले. फक्त मागच्या रांगेत, तिच्या जागी, कुणीतरी पेन खाली ठेवलं आणि उठून उभं राहिलं.

"आई," ते म्हणालं. "मी इलिंकाच आहे."

हे मी लिहिलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं. खोटं न बोलण्याची ओळ आता फळ्यावर नव्हती.

"झालं का, बाई?" बाहेरून सरांनी विचारलं. "घेतलं मागे?"

मी स्पंज डब्यात टाकला. कोट घातला. बटणं लावायला वेळ लागला.

"घेतलं, सर."

"देव तुम्हाला बळ देवो," सर म्हणाले. त्यांनी दार उघडलं आणि मला वाट दिली. मी बाहेर आले. लेओंतिनाने मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर तोंड लपवून रडायला लागली, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. मला दिसलं. काळ्या चष्म्यातले सर दार धरून तसेच उभे होते. माझ्यामागून अजून कुणी बाहेर येतंय असं वाटून ते अदबीने थोडे बाजूला सरले, मान किंचित लववली, आणि मगच त्यांनी दार लावून घेतलं.